कोरांटीच्या कुंडीत मीठ टाकायला सांगणाऱ्यांनो, बस करा आता

"कोरांटीच्या मुळाशी दर महिन्याला चमचाभर खडेमीठ टाका, फुलं दुप्पट येतील. रोज भरपूर पाणी द्या, सावलीत ठेवा. दारात लावू नका, साप येतो." हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय, खाली 'शंभर टक्के अनुभव' वगैरे लिहिलेलं. अमळनेरच्या माझ्या मावशीने तो खरा मानून मीठ टाकलं पण. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या, मातीवर पांढरी पापडी धरली, आणि ती म्हणते ऊन लागलं असेल. अगं ऊन नाही, मीठ लागलंय त्याला!

मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड, ते खत नाही. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढताच येत नाही, म्हणजे कुंडी ओली आणि झाड तहानलेलं. त्यात दर महिन्याला टाकलं तर साठतच जाणार, आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, वरून काळी माती. सोडियमने काळ्या मातीचे कण सुटे होतात, मग ती ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, पाणी वरच तुंबतं. खोटं वाटत असेल तर शेजारी अकोला-बुलढाण्याचा खारपाण पट्टा बघा. पूर्णेचं खोरं ते, हीच पूर्णा पुढे मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापीला मिळते. तिथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या खारं पाणी आणि चोपण, म्हणजे सोडियम साठून बिघडलेल्या, जमिनीशी झगडतायत, आणि आपण विकतचं मीठ आणून कुंडीत तेच करायचं?

एक मान्य करतो, एप्सम सॉल्ट म्हणून एक मिळतं ते बागेत वापरतात. पण ते मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम कमी पडलं तरच कामाचं. स्वयंपाकघरातल्या मिठाशी त्याचा काही संबंध नाही.

बाकीचं पटकन. सावलीत कोरांटी नुसती लांबते, फुलं कमी येतात, तिला ऊनच पाहिजे. मे महिन्यात नवीन रोपाला दुपारची आडोशी सावली द्या, तेवढं ठीक. रोज पाणी घातलं तर काळ्या मातीत मुळं कुजतात, वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच घाला. आणि साप उंदीर-बेडकांमागे येतो, फुलांच्या वासाने नाही, कोरांटीच्या पिवळ्या फुलाला वास तर जवळजवळ नसतोच. पानांच्या बेचक्यात काटे असतात हे खरं, लहान मुलं असतील तर कुंडी वाटेतून बाजूला ठेवा.

कुणी मीठ टाकलंच असेल तर वरची पापडी खरवडून काढा, खालचं भोक मोकळं करा, आणि साठवलेलं पावसाचं नाहीतर गोडं पाणी खालून वाहीपर्यंत तीन-चारदा घाला. तरी पाणी वर तुंबून राहत असेल तर माती बदला, तीच परत वापरू नका.