कोबेला विसरलात!

लेखात म्हटलंय की मुस्लिम कुटुंबाने जपानात तोक्यो सोडून कुठे जाऊ नये, जेवणाचे हाल होतात. नाही पटलं. आम्ही रत्नागिरीचे, अम्मी-अब्बा आणि दोन पोरं घेऊन चार दिवस कोबे या बंदराच्या शहरात निवांत राहिलो. जपानमधली पहिली मशीद तिथलीच, १९३५ची. ती बांधायला भारतीय व्यापाऱ्यांनीही पैसे दिले होते, हे कळल्यावर अब्बा तिथून हलेनात. १९४५च्या बॉम्बहल्ल्यातून आणि १९९५च्या भूकंपातूनही ती उभी राहिली. आसपास हलाल दुकानं आहेत, मटण-मसाले घेतले आणि अम्मीने खोलीवरच कालवण केलं. (सोबत तिरफळं नेली होती, ती सवय काही सुटत नाही.)

खरी मेख बाहेरच्या खाण्यात. नुसतं 'पोर्क नाही' एवढ्याने भागत नाही. मिरिन म्हणजे गोड दारूच, ती सॉसमध्ये असते. डुकराचं जिलेटिन गोळ्या-चॉकलेटांत, चरबी ब्रेडमध्येसुद्धा असू शकते. धाकटीला डुकराचं चित्राक्षर ओळखायला शिकवलं, मग ती दुकानात पाकिटं उलटीपालटी करत "अब्बू, बुता!" (म्हणजे डुक्कर) म्हणून ओरडायची. लोक वळून बघायचे.

फिरणं म्हणाल तर शिन-कोबे स्टेशनच्या मागेच नुनोबिकीचा धबधबा. संध्याकाळी बंदरावरचं मेरिकेन पार्क. भूकंपात मोडलेल्या बंदराच्या धक्क्याचा तुकडा तिथे तसाच ठेवलाय, पोरं त्याच्यासमोर गप्पच झाली. कान्साई विमानतळावर नमाजाची खोली आहे, तेव्हा परतीची घाईही नडली नाही. क्योतो राहिलं ते राहिलंच.