पॅरिसमधे छोटी वाहनं फेल गेली? नाही हो

फॉरवर्ड फिरतोय की पॅरिसने इलेक्ट्रिक स्कूटर बंद केल्या, 90 टक्के लोकांनी विरोधात मत दिलं, त्या धोकादायक आहेत, मग पुण्यात सायकल ट्रॅकवर पैसे कशाला घालायचे. एकेक बघू.

"बंद केल्या" हे अर्धंच खरंय. 1 सप्टेंबर 2023 पासून बंद झाल्या त्या फक्त भाड्याच्या, उभं राहून चालवायच्या, अ‍ॅपवरून घेऊन कुठेही टाकून द्यायच्या अशा 15 हजारेक स्कूटर. स्वतःची असेल तर आजही चालवता येते, भाड्याच्या ई-सायकलीही आहेतच.

90 टक्के? 89 टक्के विरोधात गेले हे बरोबर, पण मतदानच साडेसात टक्के झालं होतं, ते का सांगत नाही कुणी?

धोक्याचं मात्र मी उडवून लावणार नाही. 2021 मधे सीन नदीच्या काठावर एका पायी चालणाऱ्या तरुणीला दोघी स्वार असलेल्या स्कूटरने धडक दिली आणि ती गेली. लोकांचा राग खरा होता, फुटपाथवर आडव्या पडलेल्या स्कूटरचाही. पण धडकेचा जोर वजन आणि वेगावर ठरतो ना, माणसासकट 90 किलोची स्कूटर 25 च्या स्पीडला आणि 1300 किलोची कार 50 ला, कारची ऊर्जा पन्नासपटीहून जास्त भरते. मग बंदीची भाषा फक्त हलक्या वाहनाला का?

आणि "फेल"? 2024 मधे आलेल्या तिथल्या प्रादेशिक संस्थेच्या सर्व्हेत पॅरिस शहरातल्या शहरात होणाऱ्या फेऱ्यांपैकी 11 टक्के सायकलवर आणि कारने जेमतेम 4 टक्के! हे आपोआप नाही झालं, 2020 मधे रिव्होलीसारखा मधोमध असलेला मोठा रस्ता बहुतेक खाजगी गाड्यांना बंद करून सायकलींना दिला, ट्रॅक एकमेकांना जोडले, मग लोक आले.

आता पुणे. 2017 च्या शेवटी शेअरिंगच्या सायकली आल्या, लोकांनी हौसेने घेतल्या, दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या, आणि तेव्हापासून "पुणेकरांना सायकल नकोय" हे ठरूनच गेलंय. अरे पण ट्रॅकवर पार्किंग, टपऱ्या, मधेच विजेचा डीपी बॉक्स, पुढे ट्रॅकच गायब, त्यात शाळेतल्या पोराला कोण पाठवेल? पैसे बंद करा म्हणण्यापेक्षा आहेत ते ट्रॅक आधी सलग आणि मोकळे करा म्हणा, ते मागायला हवंय.