पेरू आणि पेरू देश

पेरू या फळाच्या नावाबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'पेरू देशातून आला म्हणून पेरू' हे वाक्य खटकलं. शाळेत नकाशात तो देश दिसला तेव्हा मीही हेच धरून चाललो होतो, आणि फळ मूळचं अमेरिका खंडातलंच असल्याने ते पटतंही. पण आपला शब्द आला पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नासपती. पोर्तुगीजांनी आणलेल्या या फळाचा आकार त्या फळासारखा, म्हणून तेच नाव. कोकणीतलं 'पेर' आणि बंगालीतलं 'पेयारा' शेजारी ठेवून पाहा. देशाच्या नावाशी त्यांचा काय संबंध?

मला सर्वांत सुंदर वाटतं ते हिंदीतलं 'अमरूद'. फारसीत अमरूद म्हणजेसुद्धा नासपतीच! एक शब्द लिस्बनच्या बाजूने समुद्रमार्गे आला, दुसरा इराणकडून, आणि दोन्ही भाषांनी अनोळखी फळाला ओळखीच्या त्याच फळाचं नाव दिलं. लेखात अमरूदचा उल्लेखच नाही, याची फार हळहळ वाटली. इंग्रजी 'ग्वावा'ने मात्र कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा शब्द स्पॅनिश 'ग्वायाबा'मार्फत जपला. पुढच्या लेखात अननस घ्याच, तिथेही दक्षिण अमेरिकेतला मूळ शब्द आपण अजून बोलतोय.