व्याख्येत न बसलेली सिस्टर

नर्सिंगला माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणींशी फोनवर बोलणं झालं, की हल्ली विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ वर येतोच. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. पण कलमातली व्याख्या वाचली की कळतं, हा व्यावसायिक म्हणजे वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. परिचारिकेचं नाव असतं नर्सिंग कौन्सिलकडे, म्हणून ती त्यात बसत नाही. आधीच्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात दोघांनाही कमाल दोनच वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून एकाच खाटेशेजारी उभ्या असलेल्या दोघांना कायदा वेगळं माप लावतो.

आम्हालाही दोन वर्षं करा, असं मैत्रिणी म्हणतात. मागणी रास्तच आहे. पण ब्रिटनमधल्या वॉर्डात काम करताना मला वाटत आलंय, की शिक्षेची वर्षं नंतर येतात. सिस्टर अडकते ती त्याच्या कितीतरी आधी.

रात्री रुग्णाचा बीपी घसरतो. डॉक्टर फोनवर सांगतात, "हे इंजेक्शन द्या, सकाळी येऊन लिहितो." सिस्टर देतात. सकाळी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकतात आणि लिहायचं राहून जातं. रुग्ण दगावला, तर केस पेपरवरून एवढंच दिसतं, की सिस्टरने ऑर्डर नसताना इंजेक्शन दिलं. माझ्या वॉर्डात डॉक्टरांनी संगणकावर लिहिल्याशिवाय आम्ही औषध देत नाही. इन्सुलिन भरलं की दुसरी नर्स सिरिंजवरचा आकडा स्वतः बघते आणि तीही सही करते. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाच्या अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या कुप्या, तर सर्वसाधारण वॉर्डात ठेवतच नाहीत. विरळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, आणि थकलेला हात चुकीची अँप्युल उचलू शकतो. हे मान्य करून २००२ मध्ये इथे देशभर सूचना निघाली. "सिस्टर, नीट बघत जा" असं बजावण्यापेक्षा अँप्युलच हलवली.

चूक झालीच, तर नातेवाइकांना ती सांगणं आणि माफी मागणं हे इथे नर्सचं कर्तव्य आहे. नुसती माफी म्हणजे दोषाची कबुली नव्हे, असं २००६ चा कायदा स्पष्ट सांगतो. आपल्याकडे मात्र "काही बोलू नका, प्रकरण अंगाशी येईल" हाच सल्ला मिळतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. लेस्टरच्या रुग्णालयात २०११ मध्ये सहा वर्षांचा मुलगा गेला. डॉक्टर आणि नर्स दोघींनाही निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याबद्दल २०१५ मध्ये दोषी ठरवलं गेलं. डॉक्टरसाठी देशभरचे डॉक्टर उभे राहिले आणि २०१८ मध्ये अपिलात तिचं काढलेलं नाव नोंदवहीत परत आलं. नर्सचं नाव २०१६ मध्येच काढून टाकलेलं होतं. तिच्यासाठी तेवढा आवाज उठला नाही. मला हे फार लागलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे रुग्ण दगावले, तेव्हा एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासोबत परिचारिकांनाही अटक झाली. त्या वेळी वॉर्डात कोण होतं, याची चौकशी व्हायलाच हवी होती, गेलेल्यांच्या घरच्यांचा तो हक्कच आहे. पण वायरिंग आणि अग्निसुरक्षा सिस्टरच्या ड्यूटीत कधीपासून आली?

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दलच्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं, की तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं आणि सरसकट अटक करू नये. पण निकालाची भाषा डॉक्टरांची आहे. परिचारिकांसाठी तेच शब्दांत लिहून हवं, आणि मत देणाऱ्यांत वॉर्डात नाइट केलेली एखादी ज्येष्ठ परिचारिका हवी. तोवर ज्युनिअर मुलींना माझं सांगणं एवढंच: फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा, दुसऱ्या सिस्टरला ऐकवा, वेळेसकट लिहा. आणि एकटीवर अख्खा वॉर्ड टाकला असेल, तर तेही मेट्रनना लेखी कळवून पोच घ्या.