परदेशी कर्जाच्या कामाची फाईल पुणेकरांना वाचू द्या

सुट्टीत पुण्याला गेलं आणि मेट्रो किंवा नदीचा विषय निघाला, की घरात दोन तट पडतात. एक काका म्हणतात, परदेशी कर्ज आहे, तिथे पैसे खायला वाव नाही. दुसरे उसळून म्हणतात, परदेशी लोकांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. मी म्युनिकमध्ये राहतो आणि मला दोघांचंही पटत नाही.

इथला कारभार मुळापासून स्वच्छ होता असं मुळीच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जर्मन कंपन्यांना परदेशात दिलेली लाच खर्च म्हणून दाखवून कर वाचवता येई. याच शहरात मुख्यालय असलेल्या सीमेन्सने लाचखोरीच्या प्रकरणात २००८ पर्यंत अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरले. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार भारताने २०११ मध्ये मंजूर केला, जर्मनीने २०१४ मध्ये! लाच घेणारा आपल्याकडचा असतो, पण देणारा कित्येकदा इथून विमानाने येतो.

म्हणूनच देशांनी आणि बँकांनी एकत्र यायलाच हवं. पूर्वी एका बँकेने हाकललेला ठेकेदार दुसरीच्या कामात निविदा भरायला मोकळा असे. एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि आणखी तीन विकास बँकांनी करार केला: एकीने वर्षापेक्षा जास्त काळ काळ्या यादीत टाकलं, की बाकीच्यांचीही दारं बंद. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो; काम मिळणं थांबलं की कंपनीला लगेच झोंबतं.

पण ही सगळी नजर वरून आहे. पुणे मेट्रोसाठी युरोपियन गुंतवणूक बँकेने ६० कोटी युरो मंजूर केले, मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेशी २०१६ मध्ये सुमारे १,९०० कोटी येनच्या कर्जाचा करार झाला. पैसे फेडणार आपण. खरी गडबड होते ती निविदेनंतर, मोजमाप पुस्तिकेत. किती खोल खोदलं, किती काँक्रीट पडलं हे अभियंता तिथे लिहितो, सही करतो आणि त्यावर बिल निघतं. टोकियोत किंवा लक्झेंबर्गमध्ये बसून ते पान कोण पडताळणार? ते पडताळू शकतो रोज त्या खड्ड्यावरून जाणारा माणूस.

पुण्यात त्याची वाट आहे. माहिती अधिकाराखाली फायली बघायला मिळतात; सोमवारी दुपारी ३ ते ५ त्या बघू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत होती, आणि २०१८ मध्ये राज्याने ती जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. माझे मामा निवृत्तीनंतर चष्मा आणि वही घेऊन जातात, वाढीव कामाच्या टिपणीवरची तारीख आधी बघतात, मग रक्कम. कर्ज देणाऱ्यांनी करारातच अट घालावी: मूळ ठेका, वाढीव दर, मोजमापं आणि बिलं मराठीत खुली ठेवा, काम महापालिकेचं असो की मेट्रो कंपनीचं.

आणि दुसरी अट विचारणाऱ्याच्या जिवाची. जमीन व्यवहारांतले घोटाळे बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगावात हत्या झाली. तक्रारदाराला संरक्षण देण्याचा विचार करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारात लिहिलंय. आपला जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो अजून अंमलातच आणलेला नाही. पुढच्या कर्जाच्या वाटाघाटीत जपान आणि युरोपने दिल्लीला पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि आपणही.