डायपर फाडून कुंडीत घालू नका
“उन्हाळ्यात बागेचं पाणी वाचवा! डायपरमधलं जेल कुंडीत मिसळा, एकदा पाणी घाला आणि महिनाभर विसरून जा.” हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. लातूरच्या माझ्या मावशीने तो वाचला, नातवाचे चार कोरे डायपर फाडले आणि मोगऱ्याच्या कुंडीत घातले. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा तिने काढलेला आहे. पाणी वाचेल म्हटलं की ती काहीही करून बघते. बाराव्या दिवशी मोगऱ्याने मान टाकली.

अहो, साधा हिशोब करा. मे महिन्यात मोठ्या मोगऱ्याला रोज एक लिटर पाणी धरलं तर महिन्याचं झालं ३० लिटर. बारा इंची कुंडीतली माती काढून नुसतं पाणी भरलं तरी जेमतेम २० लिटर मावतं! मग महिन्याचं पाणी राहणार कुठे? जेल पाणी धरून ठेवतं, तयार करत नाही. शिवाय डायपरमधलं जेल सोडियमचं असतं. बोअरच्या जड पाण्यात ते नीट फुगत नाही, वर त्यातला सोडियम मातीत उतरतो. जास्त घातलं तर माती चिखलासारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

जेलची कल्पनाच खोटी आहे असं मात्र नाही, हे मान्य करावं लागेल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ काढलं आहे. ते सेल्युलोजपासून, खास शेतीसाठी केलेलं आहे. त्याने पाण्याच्या पाळ्या कमी होतात, बंद होत नाहीत. डायपरचा आणि त्याचा संबंध नाही.

मेसेजमधला दुसरा मुद्दा असा, की दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे होऊन पानं जाळतात. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये छापलं आहे. गुळगुळीत पानं थेंबांनी भाजली नाहीत. केसाळ पानांवर थेंब अधांतरी राहिला तर डाग पडू शकतो, एवढंच. दुपारी बाष्पीभवन जास्त होतं, म्हणून सकाळची वेळ चांगली. पण रोप दुपारी सुकून लोळलं असेल आणि माती कोरडी असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका, लगेच पाणी द्या.

“लॉनवर रोज पाचच मिनिटं फवारा” हेही चूक. वरवर भिजलेली माती लवकर वाळते आणि मुळं वरच राहतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, खोलवर मुरेल असं पाणी द्या.

मावशीने आता नवा मोगरा लावला आहे. कुंडीत दोन इंच उसाचं पाचट अंथरलंय. सकाळी ते बाजूला सारून ती मातीत बोट खुपसते. ओल लागली, तर भाजी धुतलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला जातं.