विजे ल ब्रंची चित्रं म्हणे मेनाजो काढायचा!

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्या माझ्या भाचीने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "मामा, हे खरंय?" फॉरवर्ड आहे एलिझाबेथ विजे ल ब्रंबद्दल, म्हणजे फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीची व्यक्तिचित्रं काढणाऱ्या बाईबद्दल. म्हणे सुंदर म्हणून राणीच्या मर्जीत बसली, तिची चित्रं मेनाजो नावाचा चित्रकार काढून द्यायचा, एकेका मेजवानीवर 80 हजार फ्रँक उडवायची आणि शेवटी राणीमागोमाग गिलोटिनवर गेली.

गिलोटिनचं आधी उरकतो. राणीला 1793 मध्ये मारलं. ही बाई 6 ऑक्टोबर 1789 च्या रात्रीच मुलीला घेऊन पॅरिसमधून निसटली होती. ती वारली 1842 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी.

मेनाजोचं वाचून मात्र डोकं फिरलं. ही कंडी तिच्या हयातीतच पॅरिसात पिकली होती आणि आज ती एका चित्रं काढणाऱ्या पोरीच्या फोनवर येते! अहो, वडील पेस्टलचे चित्रकार, ते ही 12 वर्षांची असताना गेले. विशीच्या आतच ही लोकांची व्यक्तिचित्रं काढून कमावत होती. क्रांतीनंतर 12 वर्षं देशाबाहेर: रोम, नेपल्स, व्हिएन्ना, मग सेंट पीटर्सबर्ग. मेनाजो राहिला इटलीत. मग रशियातल्या सरदारणी कुणी रंगवल्या? तो टपालाने चेहरे पाठवत होता का? फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात तिचं 1790 चं आत्मचित्र आहे. त्यात ब्रश तिच्याच हातात आहे.

राणीच्या मर्जीचं म्हणाल, तर अर्धं खरं. नवरा चित्रांचा व्यापारी, म्हणून चित्रकारांच्या शाही अकादमीचा, सदस्याचा व्यापाराशी संबंध नको हा नियम आडवा येत होता. 1783 मध्ये ती आत गेली ती राजाच्या हुकमाने. हा वशिलाच. पण त्याच वर्षी राणीला साध्या मलमलीच्या झग्यात रंगवलं म्हणून एवढा गहजब झाला की प्रदर्शनातून ते चित्र उतरवावं लागलं. तेही मोजा.

राहिली मेजवानी. ग्रीक थाटाच्या त्या जेवणाबद्दल तिने म्हातारपणीच्या आठवणींत स्वतःच लिहिलंय: खर्च सुमारे 15 फ्रँक. व्हर्सायमध्ये लोकांनी त्याचे 20 हजार केले, रोममध्ये तिला 40 ऐकू आले, व्हिएन्नात 60, पीटर्सबर्गला 80. हिशेब तिचाच, तेव्हा 15 चे हवं तर 30 धरा. फॉरवर्डवाल्याने पीटर्सबर्गचा भाव उचललाय.